ओल्या चादरींची हत्तीण

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला रोज शेक देतेस असं लिहिलंयस. पण आतोबांनी त्याच पाकिटात मागाहून कोंबलेल्या चिठ्ठीत लिहिलंय की शेकाची पिशवी खुंटीला आणि तू बाजारात. दोघांपैकी कुणाचं खरं धरायचं ते कळवावं.

आता बातमी. उभी असशील तर आधी बस. इथल्या संग्रहालयानं नवं मोठं दालन बांधलंय ना, त्याच्या उद्घाटनाला माझी चित्रं लागणार! रानातल्या मोठ्या जनावरांची पाचच्या पाच चित्रं संचालकबाईंनी घेतली. अस्वल, पाणघोडा, गेंडा, रानगवा आणि हत्तीण. हत्तीण तर दारासमोरच्या भिंतीवर, आत पाऊल टाकलं की पहिली तीच दिसेल. आजवर दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या तुझ्या काडीला हे दालन! मी घरी येऊन एकटीच नाचले, खालच्या भाडेकरूनं काठीनं छत ठोकलं तरी नाचले.

एकच घोळ आहे. प्रत्येक चित्राखाली पितळी पाटी लागणार आणि चित्र कशावरून सुचलं ते तिच्यावर दोन ओळींत लिहायचं. जो येतो तो विचारतो की कुठल्या रानात राहून आलात. मी कुठलं रान पाहिलंय? शाळेनं एकदा जनावरांच्या बागेत नेलं होतं, तेव्हा सगळी जनावरं झोपली होती आणि मला उलटी झाली होती.

आत्या, सांगूनच टाकते. ती सगळी तू आहेस. रविवारी दुपारी झोपतेस ते अस्वल. गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसतेस तो पाणघोडा. गटार तुंबलं म्हणून घरमालकाकडे निघालीस तो गेंडा. बसच्या थांब्यावर वाऱ्याकडे तोंड करून उभी राहतेस तो रानगवा. आणि धुलाईखान्यात ओल्या चादरींची गाडी रेटतेस ती हत्तीण. आई गेल्यावर बाबा ट्रक घेऊन महिनामहिना बाहेर असायचे, आणि मी शाळा सुटली की तुझ्या त्या धुलाईखान्यात रुग्णालयाच्या चादरींच्या घड्यांवर बसून तुला बघत असायचे. बाद चादरींचे तुकडे आणि खुणा करायची ती जाड निळी पेन्सिल तूच मला दिलीस. दुसरं मोठं जनावर मी पाहिलंच कधी?

मला पाटीवर खरं ते लिहायचंय. पण तुझ्या होकाराशिवाय नाही. कळावे. रागावलीस तरी लोभ कमी करू नये, एवढंच मागणं.

तुझी,
काडी

दि. ९ फेब्रुवारी

चि. काडीस अनेक आशीर्वाद वि. वि.

दालन मिळालं, वाचून ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, पहिलं पान वाचलं आणि जिन्यात उभी राहून ओरडून सगळ्यांना सांगितलं. खालची शिंपीण सुई बोटात टोचून घेऊन वर धावली. मग दुसरं पान वाचलं आणि दार लावून घेतलं.

अगं, काही वाटलं कसं नाही तुला? अस्वल म्हणालीस, पाणघोडा म्हणालीस, तेही मी एक वेळ गिळलं असतं. पण हत्तीण? तो शब्द मी किती ऐकलाय ते तुला काय ठाऊक! बसमध्ये चढले की मागून ऐकू यायचा. धुलाईखान्यात नवी मुकादम आली, तिनं पहिल्याच दिवशी तोच शब्द काढला आणि सगळ्या खिदळल्या, मीही खिदळले. न हसून सांगते कुणाला? ते मोठं दुकान आठवतंय का, तुझे बूट घ्यायला गेलो होतो ते? लिफ्टमध्ये शिरले आणि घंटा वाजायला लागली. आत माणसं खचाखच भरलेली, पण सगळ्यांनी बघितलं ते माझ्याकडे. मी आपली तुझा हात धरून उतरले आणि जिना चढले. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल.

आणि आता तू तोच शब्द चौकटीत बसवून भिंतीवर टांगणार, खाली पितळेत कोरणार की ही माझी आत्या. म्हणजे घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं! परके म्हणतात ते म्हणतात, तू तर माझ्या हाताखाली वाढलीस.

माझं ऐक. बाकीची चार खुशाल लाव, ती कोण आहेत ते कुणाला सांगू नकोस. विचारलं तर सांग, रानात जाऊन आले. खोटं बोलवत नसेल तर मूग गिळून गप्प बस. पण हत्तीण तिथे लागता कामा नये. माझं हे शेवटचं.

जेवणखाण वेळेवर कर. लोभ आहेच, पण आज तो तुला दाखवणार नाही.

तुझी आत्या

दि. १४ फेब्रुवारी

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ब्रश खाली ठेवला. पहिल्यांदा हे सांगते की तुझ्या मनाविरुद्ध हत्तीण कुठेही लागणार नाही. संचालकबाईंना तसं सांगून आले. त्या बिचाऱ्या चांगल्या आहेत, पण त्यांनी कपाळाला हात लावला. सगळं दालन हत्तिणीभोवती मांडलंय, ती नसेल तर उरलेली चार त्या भल्यामोठ्या जागेत हरवून जातील, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरपर्यंत थांबतील, नाहीतर दुसऱ्या चित्रकाराला बोलावतील. तर दालन गेलंच समज. मी रडले, मग भांडी घासली, आता बरी आहे.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिफ्टचं मला आठवतंय, आत्या. माझ्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी तू प्रत्येक मजल्यावर वाकून ती पुन्हापुन्हा बांधत होतीस. धाप लपवायला, ते आता कळतं. तेव्हा वाटायचं की आत्या माझी केवढी काळजी घेते. आणि लोक हत्तीण म्हणायचे तेही मी ऐकायचे. तुला हसू येईल, पण मला ते कौतुक वाटायचं. हत्तीहून मोठं आणि चांगलं काय असतं? वर्गातल्या मुलींना मी ऐटीत सांगायचे की आमच्या आत्याला सगळं गाव हत्तीण म्हणतं.

ती ओल्या चादरींची गाडी दोन बाप्यांना हलायची नाही. तू तिला हात लावायचीच नाहीस. पाठ फिरवायचीस, कंबर टेकायचीस, डोळे मिटायचीस आणि नुसती रेलायचीस. बराच वेळ काही व्हायचं नाही. बाया आपापलं काम थांबवून बघायच्या. मग चाकं कुरकुरायची आणि गाडी मुकाट्यानं चालू लागायची. तू आहेस तोवर मला काही होणार नाही, हे मला तिथे बसल्याबसल्या पटलं होतं. माझी हत्तीण तशीच आहे. वाटेत झाड आडवं पडलंय आणि ती डोळे मिटून त्याला कमरेनं रेटतेय. एवढंच चित्र आहे ते.

तुझं पत्र आल्यावर मी एक केलं. पाचही चित्रं दालनात आणून ठेवलीत, तिथेच तिची पाठ उतरवली, पोट आत घेतलं, कंबर निम्म्यानं कमी केली. आता ती तू आहेस असं कुणाच्या बापाला कळणार नाही. अशी चालेल का? चालत नसेल तर तसं सांग, मी पुन्हा विचारणार नाही.

कळावे. दालन राहिलं तर राहिलं, तुझा लोभ तेवढा राहावा.

तुझी,
काडी

दि. १८ फेब्रुवारी

चि. काडीस,
आशीर्वाद वि. वि.

हे पत्र दुकानात बसून लिहितोय, गिऱ्हाईक आलं तर अक्षर बिघडेल. तुझी आत्या सध्या माझ्याशी बोलत नाही. मी तुझ्या बाजूचा आहे असं तिला वाटतं. मी कुणाच्याच बाजूचा नाही असं सांगितलं, तर म्हणाली की मग तर मुळीच बोलणार नाही. तुझं पत्र उशाखाली आहे. काल इस्त्री अशी आपटत होती की खालून शिंपीण विचारायला आली, घर पडतंय का.

लोक तिला काय म्हणतात ते तिनं तुला लिहिलंच. मला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे, हत्तिणीच्या कानातला डास. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लग्नाआधी मी तिला पहिल्यांदा पाहिली ती बसच्या थांब्यावर. वारा असा सुटला होता की सगळे छत्र्यांच्या मागे पळत होते. ती आपली उभी. मी हळूच जाऊन तिच्या आडोशाला उभा राहिलो, तो आजतागायत तिथेच आहे. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. तिनं चहा दिला, आणि त्यात साखर होती.

मग मी संधी साधली. म्हटलं, कुलूप न बघता मी किल्ली घासत नाही, तू चित्र न बघता नाही कसं म्हणतेस? तर गुरुवारी सकाळच्या बसनं ती तिकडे येतेय. शिंपिणीला सांगितलंय की दाताच्या डॉक्टरकडे जाते. तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे, म्हणून कळवतो. तू त्या दिवशी तिथे असू नकोस. समोर असलीस तर ती तुझ्याशीच भांडत बसेल आणि चित्र राहील बाजूला. पहारेकऱ्याला मात्र सांगून ठेव.

माझी पाठ ठीक आहे. लोभ दोघींवर सारखाच आहे, पण हे पत्र फाडून टाकावे.

तुझे आतोबा

दि. २२ फेब्रुवारी

चि. काडीस अनेक आशीर्वाद वि. वि.

मी तुझ्या त्या दालनात येऊन गेले. आश्चर्य वाटल्याचं सोंग करू नकोस. पहारेकऱ्यानं मला नाव ना गाव विचारता आत सोडलं आणि वर सलाम ठोकला. तू माझं काय वर्णन करून ठेवलं होतंस ते तुलाच ठाऊक. घरी येऊन तुझ्या आतोबांकडे नुसतं बघितलं, तर लगेच दुकानात पळाले. चोराच्या मनात चांदणं.

आधी चांगलं सांगते. पाणघोड्यापाशी मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पाण्यात पाय सोडून बसावं आणि नेमकं कुणी दार वाजवावं, तेव्हा मी तश्शीच बघते, अगदी तश्शी! गेंडा बघून घरमालकाचं तोंड आठवलं. अस्वलाची झोप बघून मलाच जांभई आली. रानगव्यापाशी उभी राहिले तेव्हा मला तुझ्या आतोबांची छत्री आठवली, ते तुला कळायचं नाही. अगं, किती सुरेख काढलंयस! मी आरशात कधी धड बघत नाही. या चार चित्रांपाशी कितीतरी वेळ उभी राहिले.

मग वळले, तर समोर ती. तू तिला कमी केलीस ते वाचलं होतं, तरी मला वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं चित्र आहे. कोण गं ही रोडकी? दुखण्यातून उठलीय का? डोंगर पोखरून उंदीर काढतात ते ऐकलं होतं, हत्तीण पोखरून काय काढलंस हे? जवळ गेले, लांब गेले. मिटलेले डोळे माझे, रेलणं माझं, पाय रोवणंही माझं. आणि त्यातून नेमकी मलाच काढून टाकलेली. मी तिथे बाकावर बसले आणि रडले. काडे, परक्यांना माझी लाज वाटते हे मी जन्मभर जाणून आहे. तुलाही वाटली का गं?

तू म्हणशील, तूच लिहिलं होतंस. मी लिहिलं होतं की टांगू नकोस. बारीक कर असं मी कधी म्हटलं? त्या एवढ्याशा कमरेनं ओल्या चादरींची गाडी हलेल? चार उश्या हलायच्या नाहीत! बाकीच्या बायांनी जोर लावून बघितला होता, मुकादमीणही लावून बसली होती. ती गाडी जोरानं हलतच नाही. वजनानं हलते. माझ्या वजनानं हलली ती, इतकी वर्षं. त्या गाडीवर घर चाललं आणि तू शिकलीस. माझी सगळी कमाई ती, आणि तू तीच खरवडून टाकलीस! बसमध्ये परत येताना मी स्वतःशीच भांडत होते. मला कुणी हत्तीण म्हटलं म्हणून रागावणारी मी, आणि हत्तीण लहान झाली म्हणून रागावणारीही मीच. शेजारची बाई घाबरून पुढच्या बाकावर जाऊन बसली. मग मीही पसरून बसले.

आता कान देऊन ऐक. पाठ होती तिथे चढव. पोट परत आण. कमरेला कंजुषी केलीस तर याद राख. रंग कमी पडला तर आण, पण मला पुरी काढ. आणि ती टांग. दारासमोरच टांग. पाटीवर हत्तीण असं लिहायची गरज नाही, ते न वाचता दिसलं पाहिजे. माझी आत्या, एवढंच लिही.

लोभ पूर्वीसारखाच आहे, चित्र नीट झालं की वाढेल.

तुझी आत्या

दि. २७ फेब्रुवारी

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

झाली! काल संध्याकाळी पुरी झाली. आणि तू विचारलेल्याचं उत्तर आधी देते. लाज नाही गं, मी घाबरले होते. तू दुखावशील म्हणून घाबरले आणि हात आखडला. तो आखडलेला हात तू लांबूनही ओळखलास.

तुझं पत्र भिंतीला चिकटवलं आणि शिडीवर चढले. पाठ चढवायला लागले ती चढवतच गेले. करड्या रंगाचे डबे संपले, दुकानदाराला वाटलं मी घर रंगवतेय. पहिल्या वेळी होती त्याहून ती आता मोठी झालीय. एक कान चौकटीला लागलाय, आणि मागची कंबर तर कापडाच्या अगदी कडेपर्यंत आलीय, आता बाहेर पडेल अशी. झाडाची मुळं मी सुटताना काढली. आधी ते झाड हलेल की नाही अशी शंका यायची, आता झाडाचीच कीव येते.

संचालकबाई बघायला आल्या. बघितलं आणि शिडीच्या खालच्या पायरीवरच बसल्या. मग विचारलं की घरच्या ज्या माणसाची हरकत होती त्यांची परवानगी मिळाली कशी. मी सांगितलं की परवानगी नाही, हुकूम मिळालाय. पाटी कोरायला गेली.

पुढच्या शनिवारी दुपारी उद्घाटन आहे. तू ये, आतोबांना आण, शिंपिणीला आण, धुलाईखान्यातल्या सगळ्या बायांना आण. तुझा तो गडद निळा कोट घाल, काळा घालायचा नाही. काळ्यात माणूस बारीक दिसतं.

कळावे. लोभाचं तूच लिहिलंयस, वाढला का ते आल्यावर बघेन.

तुझी,
काडी

दि. ९ मार्च

चि. काडीस अनेक आशीर्वाद वि. वि.

सुखरूप पोचलो. बसमध्ये धुलाईखान्याच्या बाया इतक्या गात होत्या की चालक दोनदा वाट चुकला. तुझे आतोबा वाटेल त्याला सांगत सुटलेत की भिंतीवर आहे ती आमच्या घरातली. किल्ली करायला आलेल्या माणसाला किल्लीआधी बातमी मिळते.

तुला त्या वर्तमानपत्रवाल्यांनी घेरून पलीकडे नेलं, त्यामुळे पुढचं तू बघितलंच नाहीस. ते सांगायलाच हे पत्र. मी हत्तिणीसमोर उभी होते. शेजारी एक चांगले दिसणारे गृहस्थ आपल्या बायकोला समजावत होते की ही चित्रकर्ती वर्षानुवर्षं रानात मचाणावर बसली असणार, त्याशिवाय असं वजन चित्रात येत नाही. माझ्यानं राहवेना. मी सांगितलं की कसलं रान नि कसलं मचाण, धुलाईखान्यात चादरींवर बसलेली असायची ती. त्यांनी अगदी आदरानं विचारलं की हे तुम्हाला कसं माहीत. आता हातच्या काकणाला आरसा कशाला? मी पिशवी आतोबांच्या हातात दिली. चित्राशेजारच्या खांबाकडे पाठ केली, कंबर टेकली, डोळे मिटले आणि रेलले.

मी डोळे मिटलेलेच ठेवले. मनात आलं, आता हसतील. सवयच आहे ना ती वाट बघायची. कुणी हसलं नाही. त्या गृहस्थांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग त्यांच्या बायकोनं, मग सगळ्यांनी, आणि आमच्या बाया तर शिट्ट्या मारायला लागल्या. डोळे उघडले तर सगळे एकदा चित्राकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, बघा. नीट बघा. मान खाली घातली नाही हो मी. काडे, फार फार बरं वाटलं. या वयात इतकं बरं वाटतं हे ठाऊक नव्हतं.

मग लोकांना माझ्याशी बोलायचं होतं, किती बोलले आणि काय काय विचारलं! गुडघा कुरकुरायला लागला. पहारेकऱ्याच्या ते ध्यानात आलं, तो भला माणूस धावत जाऊन खुर्ची घेऊन आला. दोन बाजूंनी हात असलेली, अरुंद, छान गादीची. तसल्या खुर्च्या मी आयुष्यभर बघितल्यात. दरवेळी म्हणते की नको, मला उभंच बरं वाटतं, पाय मोकळे होतात. तेव्हाही तेच ओठावर आलं होतं. सगळे बघत होते. मी एकदा वर भिंतीकडे बघितलं आणि मोठ्यांदा सांगितलं की ही खुर्ची लहान आहे, मोठी आणा.

आणली.

कळावे. माझा लोभ आता भरपूर वाढलाय. तुझाही तसाच असू दे, मापात ठेवू नये.

तुझी आत्या